कापलेला काठ

गल्लीतली माणसं त्याला काटकोन म्हणत, आणि ते काही उगाच नाही. पुस्तकबांधणीत तीस वर्षं घालवलेला हा माणूस कुणाच्या घरी गेला तर आधी भिंतीवरची तसबीर सरळ करी आणि मग पाणी मागे. दारातल्या चपला तिरक्या दिसल्या की पायानंच जुळवी. त्याच्या बायकोचं म्हणणं असं, की लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरचं कापड एका बाजूला जास्त लोंबतंय, हे पाहिलं. काम मात्र नाव ठेवायला जागा नाही असं. चिंध्या झालेलं पुस्तक त्याच्याकडे टाकावं आणि आठवड्यानं घेऊन जावं, काठ असे सरळ की सारखा हात फिरवावासा वाटे. दोष म्हणाल तर एकच. सांगितलं तेवढं करून तो कधी थांबला नाही. गिऱ्हाइकानं पाठ चिकटवायला सांगावी आणि यानं पुठ्ठेही बदलून ठेवावेत. गिऱ्हाइकं खूश होऊन जात, त्यामुळे दोष आहे हे त्याला कधी कळलंच नाही.

त्याची आई मागच्या खोलीत असे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. उभा जन्म तिनं शर्टांना काजं करण्यात आणि बटणं लावण्यात घालवला होता, डोळे त्यातच गेले. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक तिला कळे. तरी रोज सकाळी अंघोळ झाली की खिडकीपाशी बसून ती प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर घेई. तळहाताएवढं जुनं पुस्तक, लग्नाच्या आधीपासूनचं. प्रार्थना सगळ्या तोंडपाठ, वाचायची गरज नव्हतीच. उजव्या हाताचा अंगठा मात्र पानाच्या काठावरून हळूहळू खाली सरके, थांबे, पुन्हा सरके, आणि ओठ हलत राहत. काटकोनानं हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या बोटांना काहीतरी चाळा लागतो, एवढंच त्याचं मत.

देवाशी त्याचं स्वतःचं फारसं सख्य नव्हतं. वडील आजारी पडले तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तीन आठवडे त्यानं आईच्या शेजारी बसून जीव तोडून मागणं मागितलं. वडील गेले, आणि त्या दिवसापासून त्यानं तो विषयच मिटवून टाकला. आईनं त्याला कधी बळेबळे बसवलं नाही. पुस्तक उघडताना एकदा त्याच्या खोलीच्या दिशेनं तोंड वळवायची, इतकंच.

मग आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनला दहा दिवसांनंतरची तारीख दिली आणि काटकोनाला बाजूला घेऊन सांगितलं, "गाठ निघेल. पण वय बघता पुढचं नक्की काही सांगत नाही."  आईला त्यानं गोड शब्दांत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाली आणि पुस्तक मांडीवर ओढलं. तेवढ्यात त्यातलं एक पान निसटून पलंगाखाली गेलं. आई गुडघ्यांवर बसून जमीन चाचपायला लागली.

ते काही काटकोनाला बघवेना. पान उचलून त्यानं तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आई, हे पुस्तक दे माझ्याकडे. चार दिवसांत नवं करून देतो."

आईनं पुस्तक पोटाशी धरलं. "नवं नको रे. आहे ते बरंय."

"पानं गळतायत. दवाखान्यात एखादं हरवलं तर?"

हे तिला पटलं असावं. बराच वेळ ती पुस्तक हातात उलटसुलट करत राहिली. "पानं धर नुसती," ती म्हणाली. "बाकी काही करू नकोस. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

ऐकत होता, पण मनात पुठ्ठ्यावर निळं कापड घालावं की काळं, हे चाललं होतं.

कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. एका बाजूला कापायचं यंत्र, एका बाजूला शेगडी आणि तिच्यावर सरसाचं भांडं, मधल्या मेजावर बायको शिवणीचं काम करायची. काटकोनानं पुस्तक उसवलं, पान न् पान सुटं केलं आणि दिव्यापाशी धरलं. बघतो तर पानांच्या काठांवर बारीक बारीक भोकं. कुठे दोन, कुठे सहा, एका पानावर चौदा-पंधरा. दुसऱ्या कुणाला हे बघून प्रश्न पडला असता. काटकोनाला पडला नाही, कारण तीस वर्षं त्यानं भोकं पडलेलीच पुस्तकं पाहिली होती.

"कसर लागलीय," तो म्हणाला.

बायकोनं चष्मा वर करून पान हातात घेतलं. "कसर? अहो, दोन-दोनच्या जोड्या आहेत सगळ्या. कसर अशी जोडीजोडीनं खाते होय?"

"पुस्तकातली कसर आहे, शिकलेली असते."

"थट्टा पुरे. आणि भोकं फक्त काठालाच आहेत, अक्षराला एकही लागलेलं नाही. आईंना विचारा तरी."

"बाइंडिंगमधलं आईला काय कळतंय?" तो म्हणाला. "आणि आता तिला सांगू, तुझ्या पुस्तकात किडे झालेत म्हणून? आधीच जीव टांगणीला लागलाय तिचा."

बायकोनं पान खाली ठेवलं. ती पुढे कितीदा तरी म्हणाली, की मी तेव्हा उठून मागच्या खोलीत जायला हवं होतं. दहा पावलं होती.

पानांना ऊन दाखवून झालं, बायकोनं पक्क्या दोऱ्यानं शिवण घातली, आणि काटकोनानं पुस्तक यंत्रात घालून चाक फिरवलं. वरचा काठ, खालचा काठ, शेवटी समोरचा. समोरचा त्यानं नेहमीपेक्षा जास्त घेतला, भोकं सगळी त्या बाजूला होती. पात्याखालून बोटभर रुंदीच्या पट्ट्यांचा झुबका पडला. कसर लागलेला कागद कारखान्यात ठेवायचा नसतो, दुसऱ्या मालाला लागते. ही त्याच्या वडिलांची शिकवण, आणि ती त्यानं कधी मोडली नव्हती. झुबका उचलून त्यानं शेगडीत घातला. त्याच आचेवर सरस पातळ झाला आणि त्याच सरसानं त्यानं पुस्तकाची पाठ चिकटवली.

ते चार दिवस आई रिकाम्या हातांनी खिडकीत बसून होती. रोज संध्याकाळी विचारी, "झालं का रे?" आणि तो म्हणे, "घाई केली तर पाठ धरत नाही." खरं तर पाठ दुसऱ्याच दिवशी वाळली होती. पण मुखपृष्ठावर सोनेरी रेघ मारायची हौस त्याला आवरेना. आंधळ्या आईच्या पुस्तकावर सोनेरी रेघ! सांगायला लाज वाटते, पण मारली.

पाचव्या दिवशी त्यानं पुस्तक तिच्या हातात ठेवलं आणि शाळेतल्या पोरासारखा समोर उभा राहिला. आईनं पाठीवरून हात फिरवला. हसली. मग मधलंच पान उघडलं आणि अंगठा काठाला लावला. वरून खाली आणला. पान उलटलं, पुन्हा आणला. मग तिसरं पान, मग चौथं, भराभर. तिचा चेहरा एकदम उतरला.

"काठ कापलास?"

"हो. कसर लागली होती ना. तू घाबरशील म्हणून बोललो नव्हतो. आता कशी धार आलीय बघ!"

 आईचा अंगठा पानावरच होता, पण हलत नव्हता.

"आवडलं नाही का?"

"छान झालंय," ती म्हणाली. "खूप कष्ट घेतलेस रे. अगदी गुळगुळीत झालंय."

काटकोनाच्या जिवात जीव आला. जेवताना त्यानं बायकोला ऐकवलंसुद्धा, बघ, उगाच शंका काढत होतीस. बायकोनं मागच्या खोलीकडे पाहिलं. आई पुस्तक मिटून, दोन्ही हात त्यावर ठेवून बसली होती आणि तिचे ओठ हलत नव्हते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला ढकलगाडीवर घेतलं तेव्हा काटकोनानं पुस्तक पुढे केलं. "तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "आत नेऊ देत नाहीत म्हणे." नेऊ देतात की नाही हे त्यानं विचारलं नाही. तिचा हात हातात घेतला तर बर्फासारखा गार. आजवर आईचा हात त्याला कधी गार लागला नव्हता. दार मिटलं आणि तो बाहेरच्या बाकावर पुस्तक मांडीवर घेऊन बसला.

तासाभरानं मावशी आली. आईची धाकटी बहीण. बोलण्यात फटकळ, पण बहिणीवर जीव टाकणारी. आल्या आल्या तिनं पुस्तक उचललं, "नवं केलंस होय?" म्हणत उघडलं, आणि तिचाही अंगठा थेट काठावर गेला.

"टोचलेलं कुठे गेलं?"

"काय टोचलेलं?"

"अरे, भोकं. सुईची भोकं. काठाला होती ती."

 काटकोन म्हणाला, "कसर होती ती, मावशी."

"कसर तुझ्या डोक्याला लागली!" मावशीचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग ती खाली बसली आणि आवाज उतरवून तिनं सांगितलं.

आईला वाचता येई अडखळत, पण लिहिण्याचा हात नव्हता. हातात कायम सुई. लग्नानंतर पहिलं मोठं संकट आलं तेव्हा तिनं त्या दिवशीच्या प्रार्थनेपाशी, पानाच्या काठाला, सुईनं एक भोक पाडलं: देवा, हे तुझ्यावर सोपवलं. संकट सरलं त्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरं पाडलं. मग तीच रीत पडली. जोडी झाली की ते संकट पार पडलं. एकटं भोक म्हणजे अजून चालू आहे.

"घर गेलं होतं त्याची जोडी होती," मावशी म्हणाली. "तुला तापानं घेरलं होतं, नऊ दिवस शुद्ध नव्हती, त्याची होती. माझ्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा माझ्यासाठीसुद्धा पाडलं होतं तिनं. डोळे गेल्यावर तर तिला तेवढंच उरलं होतं. मला म्हणायची, देव काही दिसत नाही गं, पण तो येऊन गेला तिथे बोट लावता येतं. नवं काही आलं की पहिल्यापासून सगळ्या जोड्यांवरून बोट फिरवायची. एवढ्यातून काढलं, यातूनही काढील."

काटकोनानं विचारलं, "बाबांचं होतं?"

"होतं."

"त्याला जोडी कुठली असणार? बाबा गेले."

"होती जोडी. ते गेल्यावर दीड वर्षानं पाडली. मला अजून आठवतंय, सकाळी उठून माझ्याकडे आली. म्हणाली, आज पहिल्यांदा जाग आली आणि उठावंसं वाटलं. देवानं आणून पोचवलं मला. आणि बसून दुसरं भोक पाडलं."

काटकोन पुस्तकाकडे बघत राहिला. तीन आठवडे मागून मिळालं नाही म्हणून त्यानं दार लावून घेतलं होतं, आणि त्याच घरात, भिंतीपलीकडे, आई दीड वर्ष दुसऱ्या भोकाची वाट बघत बसली होती. त्याला पत्ताही नव्हता.

"त्या पट्ट्या आहेत ना रे?" मावशीनं विचारलं. "चिकटवता येतील की. तुझं कामच ते."

त्यानं नकारार्थी मान हलवली.  म्हणाला, "जाळल्या."

मावशी त्याला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आई शुद्धीवर आली दुसऱ्या दिवशी दुपारी. काटकोन तिच्या उशाशी स्टुलावर होता आणि त्याच्या खिशात बायकोच्या डब्यातली सुई होती. रात्रभर त्यानं मनात वाक्यं जुळवली होती. आईनं पाण्याचा घोट घेतला तसा तो सगळी वाक्यं विसरला आणि रडायला लागला, पन्नाशी उलटलेला माणूस.

"मावशी बोलली वाटतं," आई म्हणाली.

"तू का नाही बोललीस? त्याच दिवशी शिव्या घालायच्यास मला."

"एवढ्या हौसेनं आणलं होतंस. आणि झालं ते झालं. शिव्या घालून काठ परत येणार होता का?"

"मी सुई आणलीय, आई. तू सांगत जा, मी पाडतो. पुन्हा सगळी पाडू."

आई क्षीण हसली. पण सांगायला लागली. घर गेलं ते. त्याचा ताप. मावशीच्या नवऱ्याचं काम. बाबांचं. काटकोन उजेडात पान धरून एकेक भोक पाडत होता, आणि पाडता पाडता त्याला दिसत होतं, की काठाला जागाच उरलेली नाही. कापून कापून एवढा अरुंद केला होता, की दर दुसरं भोक कडेला फाटत होतं. 

अकरा जोड्या झाल्या आणि आई थांबली. कपाळाला आठ्या घालून आठवत राहिली. "आणखी होत्या," ती म्हणाली. "पुष्कळ होत्या. माझ्या लक्षात नाहीत रे. बोट लागलं की आठवायच्या." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "राहू दे. ज्यानं निभावून नेलं त्याला ठाऊक आहेत."

"मग काल तू कशाच्या आधारावर आत गेलीस?"

आईनं त्याच्या दिशेनं तोंड वळवलं. 

"त्याच्याच," ती म्हणाली. "तू काठ कापलास, तो थोडाच कापला जातो? मला माहीत होतं तो तिथे आहे." मग तिनं त्याचा हात चाचपून धरला. "पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? भीती वाटली. या खेपेला खूप भीती वाटली रे. बोट लावायला काही नव्हतं."

हे ऐकून काटकोनाचं काय झालं ते सांगता येण्यासारखं नाही. रागावून बोलली असती तर त्यानं पदरात घेतलं असतं. ती तर फक्त खरं सांगत होती.

"एक तेवढं मला पाडू दे," आई म्हणाली. "शेवटचं पान काढ."

त्यानं पान उघडून तिच्या बोटाखाली दिलं आणि सुई तिच्या चिमटीत ठेवली. उभा जन्म सुई धरलेले हात. थरथरत होते, पण सुईला लागताच स्थिर झाले. तिनं अंगठ्यानं काठ शोधला, जागा नाही हे तिला कळलं, आणि थोडं आत सरकून तिनं भोक पाडलं. ते शेवटच्या ओळीच्या एका अक्षरातून गेलं.

"हे कुणाचं?"

"तुझं. जुनंच आहे, बाबा गेले तेव्हापासूनचं. एकटंच राहिलं होतं ते." तिला धाप लागली होती. "माझ्यामागे तुला टेकायला जागा असावी, एवढंच मागितलं होतं. दुसरं मला पाडता यायचं नाही. ते तू पाड, वेळ आली की."

चौथ्या दिवशी ताप चढला आणि पाचव्या दिवशी आई गेली. डॉक्टर म्हणाले, वय होतं. मावशी म्हणाली, सुटली. काटकोनानं पुस्तक उचलून घरी नेलं. आईला भीती वाटत असताना ती एकटी होती आणि तिला एकटं आपण पाडलं होतं, हे कुणाला सांगून हलकं होण्यासारखं नव्हतं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. काटकोन अजून बांधणीचं काम करतो. फरक एवढाच, की पुस्तक यंत्रात घालण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतो, "काठ कापू का?" गिऱ्हाइकं हसतात, म्हणतात, मास्तर, हे काय विचारणं झालं? तो म्हणतो, "विचारलेलं बरं." कुणाच्या काठावर शाईचा डाग असतो, कुणाच्या पोराची रेघोटी, आणि तो ते तसंच ठेवून शिवून देतो. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तरी हल्ली बसून राहतो.

सकाळी शेगडी पेटवायच्या आधी तो आईच्या खिडकीपाशी बसतो. पहिले काही महिने तो आईशीच बोलत असे. चुकलं माझं, विचारायला हवं होतं, दहा पावलं होती, हेच रोज. पुस्तकाचं शेवटचं पान उघडून त्या एकट्या भोकावर अंगठा ठेवायचा आणि तेच तेच म्हणायचं. कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की अलीकडे आपण म्हणतो ते सगळंच आईला उद्देशून नसतं. बायकोला दम लागायला लागला तेव्हा तो भलत्याच कुणापाशी म्हणून बसला होता, हिला तेवढं सांभाळ. म्हटल्यावर स्वतःच दचकला. पण उठला मात्र जरा हलका होऊन, आणि त्या दिवशी कामाला हात लागला.

बायकोनं ते दारातून पाहिलं होतं. दुपारी शिवण घालता घालता तिनं विचारलं, "मग? पाडलंत का दुसरं?"

"नाही."

"का?"

काटकोनानं सरस ढवळला. "आईला बोट लावायला काही ठेवलं नाही मी," तो म्हणाला. "आणि माझी जोडी पुरी करू? इतक्यात हात होत नाही."

 संध्याकाळी बायको मागच्या खोलीत दिवा लावायला गेली तेव्हा तिनं पुस्तक उचलून पाहिलं. शेवटच्या पानावर भोक एकटंच होतं. शेजारी, अक्षराच्या कडेला, तिच्या डब्यातली हरवलेली सुई कागदात अर्धवट टोचून ठेवलेली होती. तिनं ती काढली नाही. पुस्तक होतं तसं खिडकीत ठेवलं, जरासं तिरकं.